बाल बाल

दुसरबीडला उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना धड्यात ‘शेव्ह’ हा शब्द आला. मी तो फळ्यावर लिहिताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, फरसाणवाली?” वर्ग हसला, मीही हसलो.

मग अर्थ सांगायला गेलो आणि अडकलो. मराठीत ‘दाढी करणे’ म्हणजे दाढी काढणे. उर्दूतही आपण ‘दाढी बनाना’ म्हणतो. जी नाहीशी करायची, ती ‘करायची’ किंवा ‘बनवायची’! ज्याला खरोखर दाढी हवी, तो ती ‘ठेवतो’. हजामतीचेही तसेच. अरबीत हिजामा म्हणजे अंगातले रक्त काढण्याचा उपचार, तो करणारा हज्जाम. पुढे तो शब्द केसांना चिकटला. मराठीत तर साहेब बिनपाण्यानेही हजामत करतात! हे मात्र मुलांना लगेच समजले.

इंग्रजी शब्दाचाही पसारा मोठा. सुताराच्या रंध्यातून निघणारे लाकडाचे छिलके म्हणजे ‘शेव्हिंग्ज’ आणि थोडक्यात बचावणे म्हणजे ‘क्लोज शेव्ह’. वस्तरा कातडीला चाटून जातो, कातडी शाबूत राहते. मी म्हटले, “उर्दूत काय म्हणाल?” सगळे ओरडले, “बाल बाल बचे!” दोन्ही भाषांनी संकट केसांवरच मोजले, याचे मला नवल वाटले.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, “सर, समृद्धीवरच्या बसमधले आठ जण बाल बाल बचे?”

वर्ग गप्प झाला. 29 जून 2023 ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. सणाचा गोडवा घराघरात होता. 1 जुलैच्या मध्यरात्रीनंतर आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. 33 जणांपैकी 25 जळून गेले. काचा फोडून बाहेर पडले ते आठ.

व्याकरणाने उत्तर ‘होय’ असेच होते. पण ते माझ्या तोंडून निघेना. ज्याच्या शेजारचा माणूस आत राहिला, त्याला आपण ‘बाल बाल बचे’ कसे म्हणावे? ही म्हण घरी सुखरूप पोचलेल्यांची आहे, सोबत्यांना मागे ठेवून आलेल्यांची नाही.

मी एवढेच म्हणालो, “बेटा, वो बच गए. बाकी के लिए दुआ करो.”

मुलांनी हात उचलले. फळ्यावर ‘शेव्ह’ तसाच राहिला. त्या दिवशी मी तो पुसला नाही.