सिद्ध कोणी करायचे? अग्निशामक जवान, कर्करोग आणि कायदा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवण्यास गेलेले ६६ अग्निशामक जवान प्राणास मुकले. इतिहासप्रेमींना ही तारीख पाठ असते. अग्निशमन सेवा दिन याच दिवशी पाळला जातो. आजचा धागा मात्र अशी तारीख न लाभलेल्या जवानांविषयी आहे. ते आगीतून सुखरूप घरी परततात. वीस-पंचवीस वर्षांनी मूत्राशयाचा किंवा रक्ताचा कर्करोग उघडकीस येतो, आणि कागदोपत्री तो त्यांचा खासगी आजार ठरतो.

काजळी आणि कर्करोग यांचे नाते जुने आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे मूळ काजळीत असल्याचे लिहिले. ब्रिटिश कायद्याने त्या रोगाला भरपाईयोग्य रोगांच्या यादीत घेतले ते १९०७ साली. मधली १३२ वर्षे मोजताना मी दरवेळी थबकतो.

अग्निशामकांची अडचण याहून बिकट होती. धुराड्यात एकच काजळी असते. जळत्या घरात प्लास्टिक, फोम, रंग, जुन्या बांधकामातील ॲस्बेस्टॉस असे सारेच असते. बेंझिनसारखी द्रव्ये श्वासावाटे जातात, तशीच घामेजल्या त्वचेतूनही शिरतात. पण कर्करोगाच्या गाठीवर कोणत्याही आगीचा पत्ता लिहिलेला नसतो. शेकडो आगी विझवलेल्या माणसाला ‘यांतली नेमकी कोणती?’ असे विचारले, तर तो काय सांगणार? आणि तो हयात नसेल, तर त्याची विधवा काय सांगणार? जुन्या भरपाई कायद्यांत पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावरच असे.

कॅलिफोर्नियाने १९८२ साली या कोंडीला हात घातला. कर्करोग कामामुळेच झाला असे गृहीत धरण्याची तरतूद आली; मात्र घातक द्रव्याचा आपल्या रोगाशी वाजवी संबंध दाखवणे जवानावरच राहिले. म्हणजे दार उघडले, पण उंबरठा तेवढाच उंच! १९९९ साली दुरुस्ती होऊन असा संबंध नाही, हे दाखवण्याची जबाबदारी मालकपक्षावर आली.

मला सर्वांत उद्बोधक वाटतो तो कॅनडातील मॅनिटोबा प्रांताचा २००२ सालचा कायदा. त्या देशातील अशा प्रकारचा हा पहिलाच. त्यात पाच कर्करोग आणि प्रत्येकासाठी सेवेची किमान वर्षे ठरवली होती: रक्ताच्या कर्करोगासाठी ५, मेंदूच्या १०, मूत्राशयाच्या १५, मूत्रपिंडाच्या आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या प्रत्येकी २०. तेवढी सेवा भरली की रोग व्यवसायजन्य मानायचा. विरुद्ध बाजूला ते अमान्य असेल, तर तिने सिद्ध करावे. हा हिशेब ओबडधोबड आहे, हे मान्य. चौदा वर्षे अकरा महिने सेवा झालेल्याने काय करायचे? त्याला पुन्हा पुराव्यांच्या जुन्याच वाटेने जावे लागणार. तरीही रेषा कुठेतरी ओढणे हे ती न ओढण्यापेक्षा न्याय्य होते, असे मला वाटते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०११ साली १२ कर्करोगांची अशीच यादी स्वीकारली.

आता कालक्रम पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१०च्या अहवालात अग्निशमनाच्या कामामुळे कर्करोग होण्याची केवळ ‘शक्यता’ नोंदवली होती. २०२२ साली मात्र तिने हे काम निःसंशय कर्करोगकारक कामांच्या गटात घातले. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांबाबत पुरावा पुरेसा ठरला. पॉट यांच्या वेळी कायदा वैद्यकाच्या मागून रखडत आला. इथे कायद्याने विज्ञानाच्या अंतिम निर्वाळ्याची वाट पाहिली नाही. तशी पाहिली असती, तर मॅनिटोबाच्या जवानांना आणखी वीस वर्षे थांबावे लागले असते.

दरम्यान अग्निशमन केंद्रांतील रीतही बदलू लागली. काजळीने माखलेले शिरस्त्राण मिरवणे ही पूर्वी शौर्याची खूण होती; आता आगीवरून येताच गणवेश धुवायला सांगतात.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्या ढिगाऱ्यावरील धुळीशी निगडित आजारांनी नंतर दगावलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांची संख्याही २०२३ साली ३४३वर पोहोचली.

आपल्याकडे १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला व्यवसायजन्य रोगांची यादी जोडलेली होती. तिच्यात डांबर आणि खनिज तेल यांमुळे होणारा त्वचेचा कर्करोग होता. पुढे ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोगही आला. अग्निशमनाच्या कामाची नोंद मी त्या यादीत शोधली. ती नाही.