हात लावूं नये!

आपल्याकडील पदार्थसंग्रहालयांत शिरलें कीं 'हात लावूं नये' ही पाटी बहुधा पहिल्यानें भेटते. केंब्रिजच्या संगणक-इतिहास-केंद्रांत मात्र जुने संगणक आणि व्हिडिओ खेळांचीं यंत्रें पाहुण्यांच्या स्वाधीन केलेलीं असतात, याचें मला मोठें कौतुक वाटतें. १९८१ सालीं निघालेल्या 'बीबीसी मायक्रो'पुढें तेथें कोणाही पोरानें बसावें, बेसिक भाषेंत दोन ओळी लिहाव्या, चुकावें आणि पुन्हां लिहावें.

१९८४ मध्यें सुरू झालेल्या 'क्लास' योजनेंतून हेंच यंत्र आपल्या शाळांतही आलें. आमच्या खानदेशांतील शाळेंत तें कुलपाआड राही. चपला काढून आम्हीं त्याचें दर्शन घ्यावें; दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलें जाई. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीचें तें यंत्र कळ दाबल्यावांचून बोलत नसे, आणि कळ दाबण्याचीच आम्हांला बंदी! पूजेनें वस्तु टिकते, हें खरें. परंतु तिची ओळख होत नाहीं.

आज जळगांवांत आमच्या महाविद्यालयाच्या अडगळींत निकामी ठरलेले संगणक भंगारवाल्याची वाट पाहत आहेत. त्यांतले दोन चालते करून व्हरांड्यांत मांडावे, असा माझा विचार आहे. पोरांनीं मोडले तरी चालतील.