खुब्याची आरंभीची शिल्लक

खुब्याच्या दुखण्यासाठी बारामती-इंदापूरकडील माणूस पुण्याच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जातो, तेव्हा काही ठिकाणी एक्स-रेच्या जोडीला त्याच्या हाती एक प्रश्नावली ठेवली जाते. ती बहुधा मुलगा किंवा सून भरते. घरातील कागद शिकलेल्याने भरावेत, ही आपली जुनी रीत. येथे मात्र ती नुकसानीची ठरते.

१९६९ साली अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॅरिस यांनी खुब्यासाठी शंभर गुणांची पद्धत मांडली. तीत वेदनेला ४४ गुण होते. पण सांगायचे रुग्णाने आणि गुण घालायचे डॉक्टरांनी. १९९६ च्या ऑक्सफर्ड प्रश्नावलीने लेखणी रुग्णाच्या हाती दिली. १२ प्रश्न, गेल्या चार आठवड्यांचा हिशेब आणि आजच्या पद्धतीप्रमाणे पूर्ण गुण ४८. (सामायिकाची मिनिटेही तेवढीच, हा निव्वळ योगायोग.) प्रश्न मात्र तिकडच्या घरांतले : टेबलाशी जेवून खुर्चीवरून उठताना किती दुखते, मोजे घालता येतात का. पाटावर जेवणाऱ्याने, पायात चपला घालणाऱ्याने काय लिहावे?

बारामतीतील पन्नाशीच्या एका कापडव्यापाऱ्यांच्या बाबतीत हेच घडले. जिना चढतात, बाजार करतात, वसुलीसाठी इंदापूर, निमगाव केतकीपर्यंत मोटारसायकलने जातात. मुलाने प्रेमाने खुणा केल्या आणि गुण जवळजवळ पूर्ण भरले. धडधाकट माणसाचे असेच होते. सोपी कामे सगळी जमतात, म्हणून गुण माथ्याला टेकतात आणि जे खरोखर गेले ते हिशेबात उमटत नाही. मांडी घालताना खुबा वाकतो, फाकतो आणि बाहेर वळतो. जिन्याला एवढे लागत नाही. हे गृहस्थ गादीवर दहा मिनिटेही बसू शकत नव्हते. चातुर्मासात सामायिकासाठी त्यांनी गुपचूप खुर्ची घेतली होती. घरच्यांनी ते वयावर घातले आणि दुकान मुलाकडे सोपवण्याची बोलणीही सुरू झाली.

कामात असलेल्या अशाच रुग्णांसाठी २०१२ मध्ये ३३ प्रश्नांची एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तीत ठरावीक उत्तरे नाहीत. शंभर मिलिमीटरच्या रेघेवर रुग्णाने आपली जागा दाखवायची. काम, खेळ, मनातील चिंता, सारे त्यात येते. मांडीचा प्रश्न तरीही समासातच लिहावा लागेल, पण लिहावा. शिवाय प्रश्नावली उपचारापूर्वी एकदा भरलेलीच हवी. आरंभीची शिल्लक नोंदवली नाही, तर वर्षअखेर नफा झाला की तोटा, हे कोणता मुनीम सांगणार? केवळ गुणांवर शस्त्रक्रिया ठरत नाही, ठरूही नये; तपासणी आणि एक्स-रे आहेतच.

पुढच्या खेपेस त्या व्यापाऱ्यांनी चष्मा लावून स्वतः कागद भरला. वेळ बराच लागला. समासात त्यांनी लिहिले : मांडी दहा मिनिटे, सामायिक खुर्चीवर, दुकान सोडायचे नाही. डॉक्टरांनी आधी समास वाचला आणि मुलाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले.