गाडीला अर्थ नाही

आमच्या घरात 'गाडी' म्हटले की आजोबांची येझदी. वडिलांनी पुढे दुसरी मोटारसायकल घेतली, पण तिला आजतागायत 'ती दुसरी' असेच म्हणतात. येझदी म्हणजे मूळची जावा. चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यात जावा तयार होऊ लागली, पुढे तिचे नाव येझदी झाले आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, सायलेन्सर दोन, आणि आवाज असा की आजोबा निपाणीहून निघून कोगनोळीच्या फाट्याला वळले की आज्जी चुलीवर चहाचे आधण ठेवी.

ही गाडी भंगारात घालण्याची वेळ आली, त्याची ही हकीकत.

दोन वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या लग्नात गाडी मिरवायची म्हणून आजोबांनी तिला नखशिखांत रंग दिला. टाकी, मडगार्ड, सांगाडा, सगळे सुटे करून झकास काळा रंग. गाडी नव्या नवरीसारखी दिसू लागली. मात्र पहिला पावसाळा सरला आणि दिव्यांनी रंग दाखवायला सुरुवात केली. हेडलाइट कंदिलासारखा पिवळा पडे. खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर लख्ख, पुन्हा पिवळा. एका मेकॅनिकने डायनॅमोचे कार्बन बदलले, दुसऱ्याने बॅटरी बदलायला लावली. तिसरा म्हणाला, "सगळं वायरिंगच बदला." त्याने सांगितलेला आकडा ऐकून आजोबांनी नुसतीच टोपी सारखी केली.

मग ती रात्र आली. माघ महिना, उसाचा हंगाम. पुणे-बंगळूर महामार्गावर संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. कुणाला मागे दिवा असतो, कुणाला नसतो. (याच महामार्गावर 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हजारोंनी बसले होते. आजोबा त्यांत होते. त्यामुळे रस्त्याला भिणारा हा माणूस नव्हे.) आज्जीला मागे बसवून ते निपाणीहून येत होते. पुढे अंधारात ट्रॉली दिसली, त्यांनी ब्रेक दाबला, आणि मागून येणाऱ्या ट्रकला यांची गाडी दिसलीच नाही. ट्रकवाल्याने शेवटच्या क्षणी हँडल वळवले म्हणून दोघे वाचले. गाडी साइडपट्टीवरून खाली उतरली, आज्जीचे मनगट मोडले. दीड महिना प्लास्टर होते.

आज्जी एका शब्दाने बोलली नाही. तेच आजोबांना लागले. सकाळी ओसरीवर बसून ते म्हणाले, "भंगारवाल्याला सांगावा धाड. आता बास झालं."

मी म्हणालो, "आजोबा, मला आठ दिवस द्या."

"तू काय करणार लेका? पुस्तकातलं डायनॅमो आणि हे डायनॅमो वेगळं असतंय."

खरे सांगायचे तर मलाही तशीच धास्ती होती. मी बी. एस्सी.चा विद्यार्थी, ओहमचा नियम परीक्षेत तीन वेळा लिहिला, पण त्याने एखादा दिवा लावल्याचे आठवत नाही. कोल्हापुरातून एक स्वस्तातला मीटर आणला आणि गोठ्यापुढे गाडी उभी करून बसलो.

आधी बॅटरी पाहिली. सहा व्होल्टची बॅटरी, मीटर 6.3 दाखवी. इंजिन चालू करून रेस दिली की लाल दिवा विझे आणि आकडा सातच्या वर जाई. म्हणजे डायनॅमो ठणठणीत होता. बिचाऱ्याचे कार्बन उगीच बदलले गेले. मग इंजिन बंद करून हेडलाइट लावला आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या टोकापर्यंत मोजले. जाताना वाटेत फारसे काही गळत नव्हते. मग वीज जाते कुठे?

येथे दोन दिवस गेले. मी एकेक वायर सोडवून जोडत बसलो. शेवटी माझे एक मेकॅनिक मित्र (गृहस्थ मूळचे संकेश्वरकडचे, बोलताना कन्नड-मराठीची मिसळ) सहज चहाला आले. त्यांनी गाडीकडे पाहिले, खड्ड्यातल्या उजेडाची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "नोड्री, ह्या गाडीला अर्थच नाही."

मला वाटले, गाडीत आता राम उरला नाही असे म्हणताहेत. आजोबांचाही तोच समज झाला. त्यांचा चेहरा पडला. पण त्यांचा 'अर्थ' वेगळा होता. जुन्या गाडीत दिव्याकडे जायला वायर असते, परतायला मात्र बहुधा गाडीचे लोखंडच वापरतात. सांगाड्याला जोडलेल्या त्या परतीच्या वाटेला अर्थ म्हणायचे.

मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी हेडलाइटच्या होल्डरला लावली. दिवा चालू असताना तेथे जवळजवळ शून्य यायला हवे. आला एक व्होल्ट! मग एक साधी वायर घेऊन होल्डर थेट निगेटिव्हला जोडला, आणि समोरची गोठ्याची भिंत पांढरीफेक झाली. म्हैस दचकून उभी राहिली.

एक व्होल्ट तो काय, असे कोणी म्हणेल. पण हिशेब पाहा. सहा व्होल्टवर 35 वॅटचा बल्ब सुमारे सहा अँपिअर खातो. म्हणजे त्याचा रोध जेमतेम एक ओहम. वाटेत एक-पंचमांश ओहमचा गंजका सांधा आला की बल्बला पाचच व्होल्ट मिळतात. तापलेल्या तारेचा उजेड व्होल्टपेक्षा फार वेगाने उतरतो, त्यामुळे उजेड जवळपास निम्म्यावर येतो. बारा व्होल्टच्या गाडीत एवढ्याच वॅटच्या बल्बाला तोच सांधा फारसा जाणवत नाही. सहा व्होल्टची गाडी म्हणजे गरिबाचा संसार; एक आणा सांडला तरी कळतो.

अर्थची वायर टाकीखाली सांगाड्याला बोल्टने आवळलेली होती. बोल्ट काढला आणि खाली पाहिले तो तोच झकास काळा रंग! लग्नासाठी दिलेला. रंगाऱ्याने लोखंड जाड थराने झाकले, मग कोणीतरी वायर त्यावरच आवळली. बोल्टच्या आट्यांतून थोडीफार वीज परतत होती. पावसाळ्यात आटेही गंजले.

मागच्या दिव्याचेही तेच. रंगवलेल्या मडगार्डवर तो बसवलेला, त्याला परतीची वाट त्याहून अरुंद. त्यात टेललाइटची तार पाच वॅटची आणि ब्रेकची अठराची. ब्रेक दाबला की दोन्हींची वीज त्या अरुंद वाटेने निघे, दोन्ही तारांच्या वाट्याला उरे ते थोडके, आणि दिवा उजळण्याऐवजी मंदावे. त्या रात्री आजोबांनी ब्रेक दाबला म्हणूनच ट्रकवाल्याला ते दिसले नव्हते. हे मी त्यांना ब्रेक दाबून दाखवले. ते बराच वेळ मागे उभे राहून त्या मंद दिव्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे रंग मीच दिला न्हवं."

मला काय बोलावे सुचेना. पॉलिश पेपर घेऊन दोन्ही जागचा रंग खरवडला, लोखंड चकचकीत केले, वायरींना नवी टोके बसवली, वर गंज धरू नये म्हणून ग्रीस लावले आणि मागच्या दिव्याला बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थची वायर ओढली. खर्च चहाखेरीज साठ रुपयांच्या आत.

प्लास्टर निघाल्यावर आज्जी एका संध्याकाळी पदर खोचून आपणहून गाडीवर बसली. जाण्यापूर्वी मात्र मला म्हणाली, "ब्रेक दाबायला सांग त्यास्नी. मला मागं उभं राहून बघू दे आधी."

आजोबांचे अजून एकच गाऱ्हाणे आहे. टाकीखाली रुपयाएवढा रंग उडालेला दिसतो, तेवढा लावून घेऊ म्हणतात. मी डबा लपवून ठेवला आहे.