आमची शिकार

"उद्या शिकारीला जातोय," असं मी घरात जाहीर केलं की आमची सून अजूनही दचकते. ती पुण्याची आहे. माझी बायको मात्र दचकत नाही. ती फक्त एवढंच विचारते, "भाकऱ्या किती बांधू?" कारण गेल्या कित्येक वर्षांत आमच्या शिकारीत जे काही फस्त झालं, ते कळण्याच्या भाकऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत याखेरीज दुसरं काही नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आम्ही तिघं शिकारी. मी, भाऊ आणि आप्पा. भाऊ आणि मी जळगावचे, आप्पा धुळ्याचा. तिघांची मिळून वयं सव्वादोनशेच्या पुढे जातात. भाऊ बँकेत होता. त्यामुळे तो आकाशातले पक्षीसुद्धा नोटा मोजाव्यात तसे मोजतो आणि पुन्हा एकदा मोजल्याशिवाय वहीत मांडत नाही. मी मास्तर होतो. त्यामुळे मला काहीच मोजता येत नाही, पण प्रत्येक गोष्टीवर बोलता येतं. आणि आप्पा? आप्पा हा आमच्यातला एकमेव खरा शिकारी. कारण त्याच्याकडे बंदूक होती.

वडिलोपार्जित बारा बोअरची ती बंदूक. आम्ही मू. जे. कॉलेजात होतो, तेव्हा थंडीच्या सुट्टीत आप्पा तिला खांद्यावर टाकून तापीच्या डोहांकडे निघायचा आणि मी मागून काडतुसांची पिशवी घेऊन. हतनूरचं धरण तेव्हा नव्हतं, ते १९८२ मधलं. १९६९ च्या हिवाळ्यात आप्पानं एक पट्टकदंब पाडला. पट्टकदंब म्हणजे रानहंस. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्याचा, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला काळे दोन आडवे पट्टे. जणू कुणी गंध लावायला गेलं आणि पुढचं-मागचं चुकलं. थवा उडाला, लांब गेला. पण त्यातला एक पक्षी परत फिरला. पाण्यावरून एक चक्कर, मग दुसरी, आणि सारखा ओरडतोय. आप्पाची बंदूक भरलेली होती. त्यानं ती उचलली नाही. "काडतुसं ओली झालीत," म्हणाला. पिशवी माझ्या खांद्यावर होती. काडतुसं कोरडी ठणठणीत होती. पण मी तेव्हा काही बोललो नाही आणि पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांतही बोललो नाही. मित्रानं केलेला चांगुलपणा त्याच्या तोंडावर सांगितला तर तो चिडतो, निदान खानदेशात तरी.

पुढं १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही परवाना काढून काही पक्षी मारता यायचे. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही संपलं. आप्पाची बंदूक त्याआधीच निवृत्त झाली होती. तिचा दौरा आता फक्त निवडणुकीत निघे. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. लोकसभा, विधानसभा, झेडपी, सगळ्या निवडणुका त्या बंदुकीनं कोठडीत काढल्या. शेवटी आप्पानं परवानाच परत केला. म्हणाला, "हिच्यापेक्षा मीच कमी वेळा बाहेर पडतो."

पण सवय मोडली नाही. बंदुकीच्या जागी दुर्बीण आली, एवढंच. आणि याची आम्हाला लाजही वाटत नाही. डॉ. सलीम अलींसारखा माणूस पक्ष्यांकडे वळला तो लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीमुळे. आम्ही हंसानं सुरुवात केली. आता चिमणीवाला कुठे पोहोचला आणि हंसवाले कुठे राहिले, हा भाग वेगळा.

तर दरवर्षी महाशिवरात्रीची चांगदेवची जत्रा उलगली की आम्ही हतनूरला जातो. तापी आणि पूर्णा जिथे भेटतात, तिथे चांगदेवाचं देऊळ आहे. हा चांगदेव चौदाशे वर्षं जगला आणि तरी कोरा राहिला, असं मुक्ताबाईनं त्याला सुनावल्याची कथा आहे. त्या मानानं आम्ही पंचाहत्तरीत आहोत, म्हणजे अजून बराच वाव आहे. संगमाच्या खाली हतनूरचं ४१ दरवाज्यांचं धरण आणि मागे लांबवर पसरलेलं उथळ पाणी. मंगोलियातून, तिबेटातून हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे थंडीत अशा पाण्यावर उतरतात, रात्री शेतांत चरतात आणि दिवसा पाण्याकाठी डुलक्या घेतात. म्हणजे निवृत्त माणसाचाच दिनक्रम. ऊन तापायला लागलं की मार्चमध्ये परत. ज्या हवेत आपल्याला दोन जिने चढताना धाप लागते, तसल्या विरळ हवेतून, सात हजार मीटरच्याही वरून यांतले काही गेल्याची नोंद आहे. भाऊला हा आकडा फार आवडतो. तो दर वर्षी सांगतो.

यंदा भाऊनं घोळ घातला. त्याचा मुलगा अमेरिकेत असतो. त्यानं फोनवर एक चित्रफीत पाठवली. तिकडे पांढरेशुभ्र हिमहंस इतके माजलेत, की उत्तरेकडची त्यांची घरट्यांची गवताळ जमीन ते मुळासकट खाऊन टाकतात. म्हणून सरकारनंच १९९९ पासून वसंतातसुद्धा त्यांची शिकार खुली केली. किती मारायचे याला मर्यादा नाही. चित्रफितीत आमच्याच वयाचे चार गोरे म्हातारे पांढरे कपडे घालून चिखलात उताणे पडलेले, आजूबाजूला शेकडो खोटे हंस मांडलेले आणि ध्वनिक्षेपकावर हंसांचा कलकलाट लावलेला.

"बघ," भाऊ म्हणाला, "खोटे हंस मांडले की खरे जवळ उतरतात. आपण तीस वर्षं लांबून बघतोय. आपणही मांडू. मारायचे थोडेच आहेत?"

"पण हंस आणायचे कुठून?"

भाऊ गूढ हसला. त्याच्या ओळखीचा एक मंडपवाला होता. पहाटे पाच वाजता भाऊच्या गाडीच्या मागच्या सीटवर थर्माकोलचे दोन हंस आधीच बसलेले होते. लग्नाच्या स्टेजवरचे. एकमेकांच्या चोचीला चोच लावून बदाम करणारे, गळ्यात जरीची माळ आणि पंखांवर चमकी. मला त्यांच्यामध्ये बसावं लागलं.

आप्पा स्टँडवर भेटला. दर वर्षी तो धुळ्याहून आपली गाडी स्वतः हाकत यायचा, यंदा आदल्या रात्रीच्या एस.टी.नं आला होता. "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय," म्हणाला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आप्पा एकवेळ बायको माहेरी सोडेल, गाडी मेकॅनिककडे सोडणार नाही. पण माझं लक्ष कानाशी गुदगुल्या करणाऱ्या त्या चमकीकडे होतं.

पाण्याकाठी पोहोचलो तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. आम्ही हंस मांडले. ते वेगळे उभे राहीनात, कारण मंडपवाल्यानं त्यांची चोच कायमची चिकटवली होती. शेवटी बदामासकट त्यांना चिखलात रोवलं आणि बाभळीआड दबा धरून बसलो. अर्ध्या तासात पहिला पाहुणा आला. म्हशी घेऊन निघालेला एक पोरगा. त्यानं हंसांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आदबीनं विचारलं, "लगन हाये का, बाबा?"

"नाही रे," भाऊ म्हणाला.

पोरगा आणखी थोडा वेळ तिघांना न्याहाळत राहिला, बहुधा नवरदेव कोण असेल या विचारात, आणि निघून गेला.

तेवढ्यात आप्पानं हात वर केला. "चूप. ऊन्हात रे."

मला काहीच ऐकू आलं नाही. मला गेली चार वर्षं तसं काहीच ऐकू येत नाही, पण ते मी मान्य करत नाही. मुलानं महागाचं कानातलं यंत्र आणून दिलंय, ते साबणाच्या रिकाम्या डबीत सुखरूप आहे. "कुठे?" मी विचारलं. आप्पानं डोळे मिटून बोट दाखवलं. मी तिकडे दुर्बीण लावली. आधी नुसतं धुकं. मग धुक्यात एक रेघ, रेघेचे ठिपके, ठिपक्यांचे पंख. "दोन थवे आहेत," आप्पा म्हणाला, "मागचा लहान." खरंच दोन होते. भाऊ मोजू लागला. सदतीस आणि अकरा. थर्माकोलच्या दांपत्याकडे ढुंकूनही न बघता ते पलीकडच्या काठाशी उतरले. काय ते उतरणं! पाय पुढे काढून, पंखांना ब्रेक लावत, एकामागून एक.

आप्पानंही दुर्बीण लावली. "वा!" तो म्हणाला. "काय देखणे आहेत! पट्टेसुद्धा स्पष्ट दिसतात."

भाऊ त्याच्याकडे बघून हसायला लागला. मीही वळून पाहिलं. दुर्बिणीची दोन्ही टोपणं जागच्या जागी होती.

भाऊचं हसणं अर्ध्यावर थांबलं. कारण आप्पा अजून बघतच होता. मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत, थव्यावरून नजर फिरवावी तसा. मग आमची शांतता त्याच्या लक्षात आली. त्यानं बोटांनी दुर्बीण चाचपली. टोपण लागलं.

"माले काहीच दिखस नही, भो," आप्पा म्हणाला. तो कासावीस झाला की प्रमाण मराठी आधी गळून पडते.

काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेला. डाव्यातून नळीतून बघावं तसं, मधलं तेवढं दिसतं. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब नेमानं घातले तर उरलेली टिकवता येईल. हा गृहस्थ थेंब घालत नव्हता. कारण बाटली घरात दिसली की मुलाला कळणार, मुलगा त्याला पुण्याला नेणार, आणि पुण्यात आप्पाच्या ओळखीचं एकही तळं नाही.

"गाडी?" भाऊनं विचारलं.

"दिवाळीपासून उभी आहे."

बराच वेळ कुणी बोललं नाही. हंस पलीकडे गप्पा मारत असावेत, आप्पाचा चेहरा तिकडे लागला होता. मला एकदम ती काडतुसांची पिशवी आठवली. तेव्हा गप्प बसलो ते बरोबर होतं. आता गप्प बसलो असतो तर ते बरोबर नव्हतं.

"हे बघ," मी म्हणालो, "आता काय झालं माहीत आहे? तुला ऐकू आले म्हणून मला दिसले. मला एकट्याला कळलंही नसतं. चार वर्षांपासून ठार बहिरा आहे मी."

"ते सगळ्यांना माहीत आहे," भाऊ म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं.

मग भाऊनं बँकेच्या आवाजात व्यवहार मांडला. आप्पानं इथूनच मुलाला फोन करून खरं सांगायचं आणि आज रात्रीपासून थेंब सुरू करायचे. मी घरी गेल्यावर डबी उघडायची. कुणी हप्ता चुकवला तर पुढच्या वर्षी शिकार बंद. आप्पा कुरकुरला, मीही कुरकुरलो, पण भाऊनं ते वहीत, सदतीस आणि अकराच्या खाली लिहूनसुद्धा टाकलं. आप्पानं फोन लावला. मुलगा काय बोलला ते मला अर्थातच ऐकू आलं नाही. आप्पाचे "हो... हो रे... हो म्हटलं ना!" एवढे तीन हुंकार तेवढे दिसले. मग आम्ही भरीत खाल्लं. बदामाचे हंस परत गाडीत घातले. येताना आप्पा त्यांच्यामध्ये बसला.

पुण्याचं अजून ठरलेलं नाही. मुलगा सध्या धुळ्यालाच येऊन राहिलाय आणि थेंबांवर पहारा देतोय. परवा मार्चच्या मध्याला रात्री दहाला आप्पाचा फोन आला.

"गच्चीवर जा. परत निघालेत. आत्ता नकाण्या तळ्यावरून गेले. ऐक!"

धुळ्यावरून उत्तरेला गेलेले हंस नव्वद किलोमीटर पूर्वेला जळगावात कसे ऐकू येणार, हे भाऊनं नकाशा काढून सिद्ध केलं असतं. पण मी डबी उघडली, यंत्र कानात घातलं आणि गच्चीवर गेलो. काय काय ऐकू आलं म्हणून सांगू! शेजारची मालिका, कुणाची तरी मोटरसायकल, खालून बायकोचं "आता गच्चीवर कशाला?" आणि हे वाक्य ती रोज म्हणत असावी हाही साक्षात्कार. हंस सोडून सगळं ऐकू आलं.

"ऐकू उनात का?" आप्पानं फोनवर विचारलं.

"आले," मी म्हणालो. "अगदी स्पष्ट. दोन थवे होते."

"खोटं नको बोलू रे."

"तू टोपणं काढलीस का?"

पलीकडून आप्पा हसला. तेही ऐकू आलं.