निळ्या डोंगरावरचे बिऱ्हाड

थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस राहून आलेला मनुष्य परतताना बरोबर दोन गोष्टी आणतो : चहाच्या पुड्या आणि 'येथेच आपले एखादे लहानसे घर असते तर!' हा विचार. पुड्या महिन्याभरात संपतात. विचार मात्र वर्षानुवर्षे टिकतो आणि निवृत्तीचे वय जवळ आले की पुन्हा डोके वर काढतो. हैदराबाद, वडोदरा, इंदूर येथील उन्हाळे सोसलेल्या आपल्या बांधवांच्या मनात तो आल्यास नवल नाही. परंतु ज्या बेळगावची हवा मुळातच सौम्य आहे, तेथील मंडळींनाही त्याने पछाडलेले मी पाहतो. या विचारास दक्षिणेत सर्वांत अधिक खतपाणी घालणारा प्रदेश म्हणजे निलगिरी.

माझ्या परिचयातील एका शिक्षक दांपत्याने शहापुरातील वडिलोपार्जित घर विकून कोटगिरीच्या बाजूस घर घ्यावयाचे मनात आणले आहे. मी त्या भागात एकदा मे महिन्यात व एकदा दसऱ्याच्या सुटीत राहून आलो असल्याने त्यांनी माझे मत विचारले. प्रवासाचा बेत चुकला तर चार दिवस व काही पैसे वाया जातात. घर विकण्याचा बेत चुकला तर परतण्यास दार उरत नाही. म्हणून या प्रश्नाचा जमाखर्च एकदा नीट मांडावा असे वाटले. त्यात खर्चाची बाजू अधिक विस्ताराने आली आहे, कारण जमेची बाजू सांगावयास प्रवासी मंडळी समर्थ आहेत.

तरीही जमेकडे पाठ फिरविणे अन्यायाचे होईल. म्हैसूरहून गुंडलूपेट मागे टाकून आपण बंडीपूरच्या अरण्यात शिरतो, पुढे मुदुमलाई लागते, आणि मग घाट चढता चढता बांबू व सागवान मागे पडून निलगिरीची उंच झाडे, चहाचे मळे आणि धुके सुरू होते. उटी अथवा उदगमंडलम सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, कुन्नूर त्याहून सुमारे चारशे मीटर खाली, आणि दोड्डबेट्टाचे शिखर २,६३७ मीटर. कोईमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हान १८१९ मध्ये या पठारावर आला आणि येथील हवेच्या इतका प्रेमात पडला की पुढे त्याने येथे घर बांधले, तळे करविले, विलायती भाज्या लावविल्या. मेट्टुपाळयमहून निघणारी आगगाडी १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत व १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचली. ४६ किलोमीटरच्या मार्गात २०८ वळणे, १६ बोगदे व २५० पूल आहेत, आणि कल्लार ते कुन्नूर हा कडा ती दातेरी रुळाला धरून चढते. २००५ मध्ये या मार्गाची जागतिक वारशात गणना झाली. गाडीच्या खिडकीतून खाली पाहताना आयुष्यातील पुष्कळशा चिंता क्षुल्लक वाटू लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

अडचण अशी की, या प्रदेशाचे जे गुण पाहुण्यास मोहवितात तेच रहिवाशास जड जातात. उंची, धुके, पाऊस, अरण्य, एकान्त या पाच गोष्टींसाठी आपण तेथे जातो. चार दिवसांकरिता त्या मिळतात तेव्हा त्यांस सौंदर्य म्हणतात; बारा महिन्यांकरिता मिळाल्या की त्यांचे नाव बदलते. त्यांचा एकेक करून विचार करू.

प्रथम उंची. उटीच्या उंचीवर पाणी सुमारे ९२-९३ अंशांवरच उकळते. त्यामुळे साध्या पातेल्यात तुरीची डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजता शिजत नाही. कुकरवाचून गृहिणीचे पान हलत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर हिमकण साचतात व पारा शून्याच्या आसपास उतरतो. तरुणास ही गंमत वाटते. परंतु ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात, ज्यांस दमा अथवा हृदयविकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारल्यावाचून अशा उंचीवर कायमचे जाऊ नये. शिवाय गावात सपाट रस्ता असा नाहीच. दूध आणावयाचे तर चढ, टपाल टाकावयाचे तर उतार, आणि परतताना त्याच्या उलट. पन्नाशीत जो चढ व्यायाम वाटतो, तोच पंच्याहत्तरीत तुरुंगाची भिंत होतो.

दुसरे धुके. हवेतील ओल ही तेथे घरातील एक सदस्यच असते. पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस सुकत नाहीत. लोणच्याची बरणी, मेतकुटाचा डबा, पापडांची चळत यांवर बुरशीची नजर असते. वाळवणास लागणारे कडक, भरवशाचे ऊन आपल्या अंगणात फुकट मिळते, म्हणून त्याची किंमत आपणांस कळत नाही. माझ्यासारख्यास त्याहून मोठी चिंता पुस्तकांची वाटते. जन्मभर जमविलेली ग्रंथसंपदा दोन पावसाळ्यांत कपाटातल्या कपाटात फुगून, डागाळून जाईल.

तिसरा पाऊस. आपल्याकडे पावसाळा एक, निलगिरीत दोन. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेकडील गुडलूर, नडुवट्टम भागास झोडपतो. तो ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा पाऊस कुन्नूर-कोटगिरीच्या बाजूस येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये केत्ती येथे एका दिवसात ८२० मिलिमीटर पाऊस कोसळला. बेळगाव शहरात साऱ्या वर्षात जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून हा अधिक. त्या आठवड्यात जिल्ह्यात ठिकठिकाणी दरडी कोसळून चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, रस्ते व रेल्वेमार्ग तुटले. ऑगस्ट २०१९ मध्ये अव्हलांच येथे पुन्हा एका दिवसात आठशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. या ठिकाणाचे नावच मुळी एका जुन्या दरडीवरून पडले आहे. डोंगराने नावातच सूचना लिहून ठेवावी, तसे हे झाले. आणि डोंगरांच्या याच रांगेत शेजारी असलेल्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या मध्यरात्रीनंतर मुंडक्कै-चूरलमला येथे जे घडले, अडीचशेहून अधिक जीव ज्या चिखलात गेले, ते अद्याप कोणी विसरलेले नाही.

पाऊस सर्वांनाच सारखा पडतो. घर मात्र कोणी कोठे बांधले त्यावर बरेच अवलंबून असते. उतार उभा कापून सपाट केलेली जागा, वरच्या अंगास निघालेला नवा रस्ता, बुजविलेला ओढा ही धोक्याची लक्षणे होत. जुन्या बडग वस्त्या, ज्यांस तेथे हट्टी म्हणतात, पाहाव्यात. घरांच्या रांगा सौम्य उतारावर, पाण्याची वाट मोकळी ठेवून वसलेल्या दिसतात. नवा येणारा मात्र दृश्य पाहून जागा निवडतो, आणि सर्वांत सुंदर दृश्य बहुधा कड्याच्या टोकावरूनच दिसते!

जागेच्या कागदपत्रांचेही तसेच. डोंगरी भाग म्हणून तेथे बांधकामाचे नियम कडक आहेत. इमारतीची उंची साधारणतः सात मीटरांपर्यंत मर्यादित ठेवलेली आहे. खाजगी वनांचे रक्षण करणारा १९४९ चा कायदा लागू असलेली जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. गुडलूर भागात १९६९ च्या जन्मम कायद्यामुळे मालकीचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. सिगूर पठारावरील हत्तींच्या वाटेसंबंधीचा मद्रास उच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये कायम केला, आणि त्या वाटेवर उभी राहिलेली विश्रामगृहे रिकामी करण्याची पाळी आली. हे नियम योग्यच आहेत. परंतु निवृत्तिवेतनाची पुंजी घालणाऱ्याने दलालाच्या शब्दावर विसंबू नये. कागद तमिळमध्ये असतात. तेव्हा तमिळ जाणणारा, आपण स्वतः नेमलेला वकील हवाच.

चौथे अरण्य. चहाच्या मळ्यातून संध्याकाळी गवे चरताना दिसतात. कोटगिरीच्या बाजूस अस्वले व बिबटे वस्तीपर्यंत येतात. त्यांचा यात दोष नाही. ती त्यांचीच भूमी आहे. पण दिवस मावळल्यावर पाय मोकळे करण्याची ज्यांस सवय आहे त्यांनी ती सोडावी लागेल. आपल्या लोकांस आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. म्हैसूरकडून जाणारा बंडीपूरचा रस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात, रुग्णवाहिका व ठरावीक बसगाड्या वगळता, वाहनांस बंद असतो. वन्यप्राण्यांच्या दृष्टीने हे उत्तमच. पण बेळगावाहून रात्री कोणाच्या आजारपणाची वार्ता आली तर मुलगा लगेच निघाला तरी त्याला पहाटेची वाट पाहावी लागेल. उटी येथे एप्रिल २०२५ मध्ये ७०० खाटांच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचे उद्‌घाटन झाले, ही मोठीच सोय झाली. तरीही गुंतागुंतीच्या दुखण्यास कोईमतूर गाठावे लागण्याचा संभव उरतो, आणि मध्ये घाट आहे, धुके आहे, पावसाळ्यात दरडही आहे.

पाचवा एकान्त, आणि याची गंमत अशी की तो हवा तेव्हा नसतो व नको तेव्हा असतो. एप्रिल-मे महिन्यांत फुलांच्या प्रदर्शनासाठी एवढी गर्दी लोटते की मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ७ मे २०२४ पासून बाहेरच्या वाहनांस ई-पासची नोंदणी लागू करावी लागली. २०२५ च्या उन्हाळ्यात तर दिवसाला सहा हजार, व शनिवार-रविवारी आठ हजार, अशी वाहनांची मर्यादा घातली गेली. त्या दिवसांत रहिवाशास भाजीबाजारापर्यंत जाणे म्हणजे यात्रेतून वाट काढणे. पुढे पावसात हीच गावे अशी ओस पडतात की दिवसभरात दारावर टकटक होत नाही.

स्थानिक लोकांचे मत काय, हे जनगणना सांगते. २००१ मध्ये निलगिरी जिल्ह्याची लोकसंख्या ७,६२,१४१ होती. २०११ मध्ये ती ७,३५,३९४ झाली. देशभर माणसे वाढत असताना येथे सुमारे २६,७०० घटली. चहाचे दर कोसळले, हिंदुस्थान फोटो फिल्म्ससारखा मोठा सरकारी कारखाना कालांतराने बंद पडला, आणि तरुण मंडळी कामाच्या शोधात मैदानात उतरली. आपण ज्या घरात हौसेने शिरू पाहतो, त्याच्या मागल्या दाराने घरचीच मुले बाहेर पडत आहेत, ही गोष्ट विचारी माणसाने नजरेआड करू नये.

येथवर सांगितलेल्या अडचणींवर काही ना काही उपाय आहे. जाड घोंगडी, चांगला कुकर, मजबूत जागा, सावध वकील यांनी बरेचसे निभावते. ज्या उणिवेवर बाजारात औषध मिळत नाही, ती सोबतीची.

आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक. आपली भाषा आपोआप टिकत नाही, ती टिकवावी लागते, हे आपणांस पुण्या-मुंबईकरांहून अधिक कळते. वाचनालय, गणेशोत्सव, व्याख्यानमाला, भजनी मंडळ, शेजारच्या काकूंनी 'काय हो वहिनी' म्हणून दिलेली हाक यांच्या आधाराने आपण परप्रांतात घट्ट उभे आहोत. हा आधार पिढ्यांच्या खटपटीने उभा राहिला आहे. सामान बांधताना तो पेटीत घालता येत नाही. तमिळ देशात मराठी नांदली ती तंजावरात. तेथे व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत राज्य होते, सरस्वती महाल ग्रंथालय होते, माणसांचा मोठा समुदाय होता. एवढे असूनही आज तेथील अनेक घरांत मराठी बोलण्यापुरती उरली आहे आणि लिहिणे-वाचणे तमिळमध्ये चालते. निलगिरीत तशी जुनी वस्ती नाही. मग डोंगरावरच्या एकट्या बिऱ्हाडाची काय कथा?

बेळगावकरास कन्नड येते, आणि बडग लोकांची बोली कन्नडला जवळची, तेव्हा व्यवहार अडत नाही. माणसेही मायाळू आहेत. पण व्यवहार निराळा व सुखदुःख निराळे. आमच्या त्या शिक्षक दांपत्यातील वहिनी मला म्हणाल्या, "सर, भाजी कुठल्याही भाषेत घेता येईल हो, पण हे नसले तर मी रडायचं कुणापाशी?" या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. लहान मुले असलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने शाळांतून दहावीपर्यंत तमिळ शिकणे टप्प्याटप्प्याने अनिवार्य केले गेले. त्या राज्याने आपली भाषा जपावी यात गैर काहीच नाही. पण आपल्या नातवंडांची मराठी मग केवळ घरातील चार भिंतींवर अवलंबून राहील.

मग जाऊच नये काय? तसे नव्हे. ज्यांची प्रकृती उत्तम आहे, ज्यांस तेथे काही काम आहे, ज्यांची तमिळ शिकण्याची तयारी आहे आणि ज्यांचे पती-पत्नीचे सख्य दीर्घ पावसाळ्यास पुरेल एवढे आहे, त्यांनी जरूर जावे. फक्त आधी घर विकू नये. एक पूर्ण वर्ष भाड्याने राहावे. जुलैचे धुके, नोव्हेंबरची झड, जानेवारीचा गारठा आणि मे महिन्याची गर्दी ही चारही तोंडे पाहावीत. एखादे आजारपण तेथेच काढावे, एखादी दिवाळी तेथेच करावी. त्यानंतरही मन तेथेच रमले, तर समजावे की तो पाहुण्याचा मोह नव्हता.

आणि डोंगराचीही बाजू आहे. तोडा, कोटा, कुरुंब, इरुळ आणि बडग लोक तेथे आपल्या कितीतरी आधीपासून आहेत. शोला वने आणि गवताळ कुरणे पाणी धरून ठेवतात म्हणून खालची शेते पिकतात. प्रत्येक नवे घर त्या उताराचा एक घास घेते व त्या झऱ्याचा एक हंडा कमी करते. दुरून डोंगर साजरे असे आपले पूर्वज सांगून गेले, ते डोंगराची निंदा करण्यासाठी नव्हे. काही गोष्टींचे साजरेपण टिकावयाचे तर त्यांपासून थोडे दूर राहणे हेच त्यांच्यावरील प्रेम असते. वर्षातून पंधरा दिवस जावे, भरभरून पाहावे, आणि ज्या गल्लीत आपल्याला नावाने हाक मारणारे कोणी आहे तेथे परतावे, हा हिशेब मला तरी अधिक फायद्याचा दिसतो.