निमगोरी

जन्मले तेव्हा माझ्या कमरेखाली मोठा निळसर डाग होता. आईने ग्रहण नीट पाळलं नाही, असा आजीचा निकाल. खरी गोष्ट अशी की मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या बाजूने निघून त्वचेच्या वरच्या थराकडे जातात आणि काही खालच्या थरातच अडकतात. खोलवरचं काळं वरून निळं दिसतं. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असा डाग असतो, आणि बहुधा शाळेच्या वयापर्यंत तो विरतो. माझाही विरला.

अंगाचा रंग मात्र हटला नाही. डाळीचं पीठ झालं, साय झाली, 1975 साली बाजारात आलेलं ते प्रसिद्ध क्रीमही झालं. (2020मध्ये त्याच्या नावातलं ‘फेअर’ गेलं, क्रीम राहिलं.) स्थळं बघायच्या वेळी मामाने माहितीच्या कागदावर ‘निमगोरी’ लिहिलं, आणि मला त्याच्या शब्दसंपत्तीचं कौतुक वाटलं. गोऱ्याच्या आणि काळ्याच्या कातडीत रंगपेशी साधारण सारख्याच असतात. त्या मेलॅनिन किती करतात, कुठल्या जातीचं करतात, त्याचे कण केवढे असतात, एवढ्यावर सगळं ठरतं. हे कण शेजारच्या पेशींत शिरून केंद्रकावर छत्री धरतात, आतल्या डीएनएला ऊन लागू नये म्हणून. आम्ही वर्षानुवर्षं ती छत्रीच खरवडत होतो.

मग केस पिकू लागले आणि त्याच घरात कलप आला. कातडीवर नको असलेला काळा रंग डोक्यावर विकत घेऊन लावायचा! बाबा तर या बाबतीत फार काटेकोर. हल्ली कंपवातामुळे त्यांचे हात थरथरतात, म्हणून कलप मी लावते.

त्यांच्या आजाराबद्दल वाचताना हा रंग पुन्हा भेटला. मेंदूच्या बुडाशी, मध्यमेंदूत, एक काळसर पट्टा असतो. तिथलं मेलॅनिन जरा वेगळं. जन्मतः ते जवळजवळ नसतं, वयाबरोबर साचत जातं. ज्यांच्या कातडीत, केसांत जन्मापासून रंगच नाही, त्यांच्याही मेंदूत हा पट्टा काळाच. कंपवातात नेमक्या तिथल्याच पेशी मरतात आणि पट्टा फिका पडतो. पॅरिसमध्ये त्रेत्याकोव्ह या तरुण डॉक्टरने 1919 साली आपल्या प्रबंधात ते दाखवलं होतं.

कलप लावता लावता बाबांना हे सांगितलं. त्यांनी मान शक्य तितकी स्थिर धरली होती. म्हणाले, “मग डॉक्टरांना विचार, तिथे लावायचा मिळतो का.”